खडपांची नोंद कोणी ठेवायची?

किनारा म्हटले की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर वाळूची पुळण येते. कोकणात राहणाऱ्याला मात्र ठाऊक असते की दोन पुळणींच्या मध्ये डोंगराची एक सोंड समुद्रात उतरलेली असते, तिच्या पायथ्याशी काळ्या कातळाची खडपे असतात, आणि ओहोटीला ती उघडी पडली की गावातल्या बायका टोपल्या घेऊन कालवे काढायला तिकडे वळतात. पर्यटन पुळणीवर होते, स्वच्छतेच्या मोहिमा पुळणीवर निघतात, कासवांची घरटी पुळणीवर असल्यामुळे वनखात्याचे लक्षही तिकडेच असते. खडपे कोणाच्याच खात्यात नसतात. या लेखात मला एक मागणी मांडायची आहे. मुंबईतल्या आणि कोकणातल्या खडकाळ किनाऱ्याची गाववार, नियमित नोंद स्थानिक स्वयंसेवकांनी ठेवावी, आणि त्या नोंदीला सरकारी निर्णयप्रक्रियेत कायद्याने स्थान मिळावे. मागणीचा पहिला भाग तुरळकपणे का होईना, अमलात येऊ लागला आहे. अडले आहे ते दुसऱ्या भागापाशी, आणि तो असाच अडून राहिला तर पहिल्या भागातले श्रम वाया जातील अशी मला भीती वाटते.

किनारी नियमन क्षेत्राची १८ जानेवारी २०१९ची अधिसूचना वाचताना खडपांचे हे अनाथपण प्रथम माझ्या नीट लक्षात आले. सर्वाधिक संरक्षण असलेल्या पहिल्या वर्गाच्या ‘अ’ गटात कांदळवने आहेत, प्रवाळ आहेत, वाळूच्या टेकड्या आहेत, कासवांच्या आणि पक्ष्यांच्या विणीच्या जागा आहेत, सागरी गवताची कुरणे आहेत, हॉर्सशू खेकड्यांचे अधिवासही आहेत. खडकाळ किनारा मात्र या यादीत नावाने नाही. भरतीरेषा आणि ओहोटीरेषा यांच्यामधला पट्टा म्हणून तो ‘ब’ गटात येतो, आणि या गटात परवानगी घेऊन करता येण्याजोगी कामे बरीच आहेत. याचा व्यवहारातला अर्थ असा की एखाद्या खडपाला वरच्या दर्जाचे संरक्षण मिळायचे असेल, तर यादीतले काहीतरी, उदाहरणार्थ प्रवाळ, त्या खडपावर आहे हे कोणीतरी दाखवून द्यावे लागते. दाखवून द्यायचे तर आधी कोणीतरी तिथे जाऊन पाहिलेले असावे लागते. कायद्याने संरक्षणाची किल्ली अशा रीतीने पाहणाऱ्याच्या हाती दिली आहे, पण पाहायचे कोणी हे सांगितलेले नाही.

मुंबईत हे प्रत्यक्ष घडले. २०१७च्या सुमारास ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नावाने काही नागरिक एकत्र आले आणि हाजी अली, ब्रीच कँडी, वांद्रे, जुहू अशा ठिकाणी ओहोटीच्या वेळी लोकांना खडकांवर घेऊन जाऊ लागले. शहराचे सांडपाणी जिथे समुद्राला मिळते त्या परिसरात समुद्रफुले, स्पंज, रंगीत समुद्री गोगलगायी, माकूळ आणि प्रवाळ राहतात, हे छायाचित्रांसह लोकांसमोर येऊ लागले. याच खडकाळ पट्ट्यातून प्रिन्सेस स्ट्रीट ते वरळी हा १०.५८ किलोमीटरचा सागरी किनारा मार्ग जाणार होता. मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलै २०१९ रोजी त्या प्रकल्पाची किनारी मंजुरी रद्द केली तेव्हा वन्यजीव संरक्षण कायद्याखालच्या परवानगीचा मुद्दाही निकालात होता, कारण प्रवाळ २००१पासून त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. डिसेंबर २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, काम पुढे सुरू झाले, आणि वरळी व हाजी अली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती २०२०मध्ये दुसरीकडे हलवण्यात आल्या.

रस्ता व्हायला हवा होता की नको, या वादात मी इथे शिरत नाही. मला खटकते ते वेगळेच. देशातल्या सर्वांत श्रीमंत महानगरपालिकेच्या दारातल्या खडकांवर कायद्याने संरक्षित प्राणी आहेत, ही गोष्ट प्रकल्पाच्या कागदपत्रांमधून आपसूक पुढे यायला हवी होती. ती लोकांपर्यंत ठळकपणे पोहोचवली सुट्टीच्या दिवशी पदरचे पैसे खर्चून खडकांवर उतरणाऱ्यांनी. शिवाय १८ वसाहती हलवल्या हा आकडा आपल्याला कळतो, पण त्याच खडकांवर दहा वर्षांपूर्वी किती होत्या हे सांगणारी नोंद नाही. त्यामुळे हलवलेल्यांपैकी किती जगल्या एवढेच यशाचे माप उरते. आणि भरावाखाली प्रवाळांखेरीज जे गेले, त्यातल्या बहुतेकांचे नाव कोणत्याही अनुसूचीत नसल्यामुळे त्यांची मोजदादही झाली नाही.

मुंबईबाहेरच्या कोकणाला हा अनुभव वेगळ्या रूपात ओळखीचा आहे. रत्नागिरी-राजापूरकडचे कातळसडे, म्हणजे उघड्या कातळाची पठारे, महसुली भाषेत पडीक, आणि सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य जमीन. पावसाळ्यात त्यांच्यावर जी फुले येतात, डबक्यांत जे जीव जन्माला येतात, त्यांना त्या उताऱ्यात रकाना नाही. याच सड्यांवर रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पायपीट करून कातळशिल्पे शोधली, मापे घेतली, गावोगावच्या लोकांना विचारून ठिकाणे नोंदवली. २०२२मध्ये कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. तेलशुद्धीकरण प्रकल्पामुळे चर्चेत आलेल्या बारसूच्या सड्याविषयी बोलताना आज कोणालाही ‘तिथे काही नाही’ असे म्हणता येत नाही, ते या नोंदींमुळे. शिल्पे हजारो वर्षे तिथे होतीच आणि गुराख्यांना ती माहीतही होती. कागदावर आल्यावर मात्र त्यांचे वजन बदलले. खडपांच्या बाबतीत मला नेमके हेच व्हायला हवे आहे, फरक एवढाच की खडपांवरचे जीव कोरलेल्या चित्रासारखे थांबून राहत नाहीत, म्हणून त्यांची नोंद एकदा करून भागत नाही.

स्वयंसेवकांनी नोंद ठेवण्यासाठी खडकाळ किनाऱ्याइतकी सोयीची जागा निसर्गात क्वचितच असेल. जंगलात प्राणी दिसतो आणि नाहीसा होतो, खोल समुद्रात तर सामान्य माणसाची दृष्टीच पोहोचत नाही. खडपावर मात्र बहुतेक जीव दगडाला चिकटलेले असतात. पाणी तापले, त्यात तेल आले, गाळ बसला, तरी त्यांना पळून जाता येत नाही, म्हणून जे घडते त्याची खूण त्यांच्या अंगावर राहते. शिवाय ते थरांनी राहतात. सर्वांत वर, जिथे लाटेचे फक्त तुषार पोहोचतात, तिथे ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी दगडाच्या भेगांत दाटीने बसलेल्या असतात. त्यांच्याखाली बार्नॅकलचा, म्हणजे दगडाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी जिवांचा, पांढुरका पट्टा, त्याच्याजवळ धारदार कडांची कालवे, मग शेवाळाचा भाग, आणि अगदी उधाणाच्या ओहोटीलाच उघड्या पडणाऱ्या तळच्या पट्ट्यात स्पंज, समुद्रफुले आणि नशिबाने प्रवाळ. चार पावले उतरताना चार वेगळ्या वस्त्या ओलांडाव्या लागतात. यातली एखादी वस्ती वर सरकली, खाली सरकली किंवा विरळ झाली, तर ते प्रयोगशाळेशिवाय, साध्या डोळ्यांनी दिसते. अट एकच. पूर्वी ती कुठे होती हे लिहून ठेवलेले हवे.

वेळ साधण्यासाठीही किनाऱ्यावरच्या माणसाला कोणाकडे विचारायला जावे लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो, हा हिशेब कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला किंवा अमावास्येला साधारण सव्वाअकराला पूर्ण भरती, आणि तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. गावागणिक थोडा फरक पडतो, म्हणून भरती-ओहोटीचे छापील कोष्टक सोबत असावेच. पण मुद्दा असा की उधाणाच्या दिवसांत सर्वांत खालची ओहोटी पहाटे आणि सायंकाळी येते, आणि तीच खडप पाहण्याची वेळ. मुंबईत अशा दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो. दक्षिणेकडे तो कमी होत जातो, त्यामुळे सिंधुदुर्गात पाहणीचा पट्टाही अरुंद आणि वेळही थोडा. ज्याला हे गणित अंगवळणी आहे असा माणूस गावातच असतो. त्याच्यासाठी राजधानीतून प्रशिक्षित पथक मागवण्याची गरज नाही.

दीर्घकाळची नोंद कशाला हवी, याचे उत्तर अपघाताच्या दिवशी मिळते. मार्च १९६७मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ टॉरी कॅनियन हे तेलवाहू जहाज खडकावर आदळले आणि एक लाख टनांहून अधिक कच्च्या तेलाचे संकट तिथल्या खडकाळ किनाऱ्यावर आले. किनारा स्वच्छ करण्यासाठी हजारो टन रसायने फवारली गेली. प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेतले संशोधक ते खडक आधीपासून ओळखत होते, म्हणून त्यांना सांगता आले की तेलापेक्षा फवारणीने अधिक जीव मेले, शेवाळ चरणाऱ्या गोगलगायी नाहीशा झाल्यामुळे दगड हिरवेगार झाले, आणि वरवर निसर्ग परतल्यासारखे वाटले तरी जिथे फवारणी सर्वांत जास्त झाली होती तिथली घडी पूर्ववत बसायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. आधीची ओळख नसती तर त्या हिरवेपणाला लोकांनी सुधारणा म्हटले असते.

आता आपल्याकडे पाहू. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली, शेकडो टन तेल समुद्रात गेले आणि रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले. कांदळवनांचे काळे झालेले फोटो सर्वांनी पाहिले. खडपांचे काय झाले हे सांगण्यासाठी आधीची गाववार नोंद कुठे होती? २५ मे २०२५ रोजी केरळजवळ एमएससी एल्सा-३ बुडाले आणि प्लास्टिकचे बारीक दाणे किनाऱ्यावर येऊ लागले. असे जहाज उद्या जयगड किंवा देवगडसमोर बुडाले तर नुकसानभरपाईचा दावा आपण कशाच्या आधारावर मांडणार आहोत? दावा करणाऱ्याला ‘आधी’ आणि ‘नंतर’ दोन्ही दाखवावे लागते. ‘नंतर’ दाखवायला सगळेच धावतात, ‘आधी’ मात्र अपघातानंतर तयार करता येत नाही.

अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर या बाबतीत बरेच काम झाले आहे. ऑरेगन राज्यात १९९३पासून सर्वसाधारण नागरिक किनाऱ्याचा एकेक मैल दत्तक घेतात आणि वर्षातून काही वेळा त्यावरून चालून अहवाल देतात. शेजारच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या उपक्रमात स्वयंसेवक दर महिन्याला ठरलेल्या पट्ट्यावर वाहून आलेले मृत समुद्रपक्षी मोजतात. काम नीरस आहे, कारण बहुतेक वेळा फारसे काही सापडत नाही. पण समुद्र असाधारण तापला त्या काळात, २०१५ आणि २०१६मध्ये, कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत सुमारे ६२,००० मर्र पक्षी मेलेले किंवा मरणपंथाला लागलेले किनाऱ्यावर आढळले. हा प्रकार नेहमीच्या मरतुकीपेक्षा किती पटींनी मोठा आहे हे ठामपणे सांगता आले, याचे श्रेय त्या नीरस महिन्यांना आहे. त्यावरून एकूण मृत्यू दहा लाखांच्या घरात असावेत असा अंदाज आधी मांडला गेला आणि पुढच्या अभ्यासात वसाहतींमधल्या गणनेवरून तो एकट्या अलास्कासाठी चाळीस लाखांवर गेला. कोणा एका शास्त्रज्ञाला इतक्या लांबीच्या किनाऱ्यावर एकाच वेळी उभे राहणे शक्य नव्हते.

इथे शास्त्रज्ञांचा आक्षेप विचारात घ्यायला हवा, कारण तो खरा आहे. हौशी माणूस सुंदर दिसणाऱ्या प्राण्याचा फोटो काढतो, सामान्य दिसणाऱ्याकडे दुर्लक्ष करतो, सोयीच्या जागी जातो, सुट्टीच्या दिवशी जातो, ओळख चुकवतो, आणि काही सापडले नाही तर काहीच लिहीत नाही. आमच्या गावाजवळच्या खडपावर आम्ही काही जण तीन वर्षांपासून जातो. पहिल्या वर्षीच्या आमच्या वहीत समुद्री गोगलगायींची वर्णने पानेच्या पाने आहेत, आणि कालवांविषयी ‘भरपूर’ असा एक शब्द आहे. दुसऱ्या वर्षी कालवे कमी झाल्यासारखी वाटली, तेव्हा त्या ‘भरपूर’चा काहीही उपयोग झाला नाही. त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. अर्धा मीटर लांबी-रुंदीची प्लास्टिक नळीची चौकट केली, खडपावर दहा ठिकाणे कायमची ठरवून त्यांच्या खुणा नकाशावर मांडल्या, आणि प्रत्येक वेळी त्याच दहा ठिकाणी चौकट ठेवून वरून सरळ फोटो काढायचा, आतल्या कालवांची आणि बार्नॅकलची मोजणी करायची, ओहोटीची वेळ आणि पाण्याचे तापमान लिहायचे असे ठरवले. प्रजातीचे नाव ठाऊक नसेल तर ‘ओळख नाही’ लिहायचे. फोटो असल्यामुळे चूक झाली तरी पुढे कोणी जाणकार ती दुरुस्त करू शकतो. या साध्या शिस्तीने शास्त्रज्ञांच्या आक्षेपाचा मोठा भाग निकालात निघतो.

यातही शून्य लिहिण्याची सवय लावणे सर्वांत अवघड गेले. चौकटीत काही नाही हे लिहायला माणसाचा हात धजत नाही, त्याला वाटते आपली फेरी फुकट गेली. पण ‘गेलो, पाहिले, नव्हते’ आणि ‘गेलोच नाही’ या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ज्या वहीत शून्य नाही, ती वही आठवणींची आहे, तिला नोंदवही म्हणता येणार नाही.

पाहणीमुळेही इजा होते, हे स्वयंसेवकांनी स्वतःला सतत सांगत राहायला हवे. दगड उलटा करून पाहिला आणि तसाच ठेवला, तर त्याच्या खालच्या बाजूचे अंधारात आणि ओलाव्यात राहणारे जीव उन्हात मरतात आणि वरच्या बाजूचे दबून मरतात. शंभर माणसांची सहल एका लहान खडपावर नेली तर पायांखालीच निम्मे नुकसान होते. काही ठिकाणांची माहिती उघड करणेही घातक ठरते. वेंगुर्ल्यासमोरच्या बेटांवरच्या गुहांत पाकोळी पक्ष्यांची घरटी तस्करीसाठी काढली जात होती आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेला त्यांच्या रक्षणासाठी काम करावे लागले. समुद्री काकडीसारख्या प्राण्यांचाही चोरटा व्यापार चालतो. तेव्हा मोजणीचे आकडे सर्वांसाठी खुले असावेत, पण अशा जिवांची नेमकी जागा वनखाते आणि गावाची समिती यांच्यापुरतीच राहावी. या भेदाविषयी आजच्या छायाचित्रांच्या उत्साहात पुरेसे बोलले जात नाही.

आता मी ज्या मुद्द्यापाशी सर्वांत जास्त अडखळलो, तो सांगतो. स्वयंसेवक कोणाला होता येते? खडपावर ओहोटीच्या वेळी सर्वांत नियमितपणे असणारी माणसे म्हणजे कालवे, खुबे, शिनाणे काढणाऱ्या बाया. कोणत्या बाजूची कालवे यंदा लहान आहेत, कोणत्या डबक्यात पूर्वी शेवंडीची पिल्ले असत, कोणत्या वर्षापासून गाळ बसू लागला, हे त्यांना तोंडपाठ असते. आमच्या गावातल्या एका काकींनी आमची चौकट पाहून विचारले होते की तुम्ही मोजता ते आमच्या कामाचे की तुमच्या? हा प्रश्न योग्य होता. आमची पाहणीची वेळ हीच त्यांच्या कमाईची वेळ असते. दोन तासांच्या ओहोटीत त्यांनी आमच्यासाठी अर्धा तास मोजणी केली तर तेवढी टोपली रिकामी राहते. पगारदार माणसाने सुट्टीच्या दिवशी केलेले काम आणि रोजच्या कमाईतून वेळ काढून केलेले काम या दोहोंना ‘स्वयंसेवा’ हा एकच शब्द लावणे मला अन्यायाचे वाटते. खडपावर ज्यांचे पोट आहे त्यांना नोंदीच्या कामाचे मानधन मिळालेच पाहिजे, आणि वहीवर त्यांचे नाव माहितीचा स्रोत म्हणून न येता नोंद करणारी म्हणून आले पाहिजे.

त्यांची आणखी एक भीती आहे आणि तिला इतिहासाचा आधार आहे. १९८७मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात २९.१२ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हापासून तिथल्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला आहे, कारण अभयारण्याची रेघ आपल्या जाळ्यांवरून जाईल असे त्यांना वाटते. नोंद झाली की बंदी येते, ही समजूत किनाऱ्यावर घट्ट आहे. ‘इथे प्रवाळ आहे’ असे कोणी शहरी माणूस लिहून गेला, आणि पाच वर्षांनी त्या खडपावर कालवे काढायला मनाई झाली, तर पुढच्या पाहणीला गावातले कोण येईल? म्हणून नोंदीवर गावाचा अधिकार असणे ही माझ्या दृष्टीने सौजन्याची बाब नाही, तिच्याशिवाय नोंद टिकणारच नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासमध्ये २००२पासून कासवांच्या संरक्षणाचे काम टिकले ते घरटी राखणारी माणसे गावातलीच असल्यामुळे, आणि पुढे पर्यटकांचे उत्पन्न त्यांच्याच घरांत गेल्यामुळे. खडपावर कासवासारखा लोकांना ओढून आणणारा प्राणी नाही, तेव्हा तिथे गावाचा हक्क आणि मानधन यांचा आधार अधिकच लागेल.

आता कायद्यातल्या स्थानाविषयी. यासाठी नवा कायदा करावा लागत नाही, असे माझे मत आहे. जैवविविधता कायदा, २००२च्या कलम ४१नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे त्या समितीचे मुख्य काम आहे. या नोंदवहीची कल्पना माधव गाडगीळ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली, तेव्हा ती लोकांनी सतत भरत राहायची वही होती. प्रत्यक्षात राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत घालून दंडाची तंबी दिल्यावर अनेक ठिकाणी ती घाईघाईने, ठेकेदारी पद्धतीने भरली गेली आणि कपाटात ठेवली गेली. किनाऱ्यावरच्या गावाच्या नोंदवहीत आंबा-फणसाच्या जाती असतात, औषधी वनस्पती असतात, पण भरतीरेषेच्या खाली वही सहसा उतरत नाही. खडपावरच्या चौकटींची नोंद याच वहीत, दर तीन महिन्यांनी भरल्या जाणाऱ्या पुरवणीच्या रूपात जावी. पावसाळ्यात खडपावर उतरणे जिवावरचे असते, म्हणून त्या तिमाहीचा रकाना मोकळा राहिला तरी चालेल. किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाने मग एवढेच बंधन घालावे की किनाऱ्यावरच्या कोणत्याही प्रकल्पाच्या अर्जासोबत त्या गावाच्या नोंदवहीतली खडपाची पाने जोडलेली असतील, आणि सल्लागाराचा अहवाल त्या पानांशी जुळत नसेल तर का जुळत नाही याचे लेखी उत्तर असेल. नोंद चूक ठरली तर ती पुराव्याने खोडावी. ती नसल्यासारखे करून पुढे जाता येऊ नये.

यावर काही जण म्हणतात की अशाने सरकार आपले काम लोकांवर ढकलून मोकळे होईल. ही शक्यता मलाही दिसते, आणि म्हणून सीमारेषा स्पष्ट असावी. पाण्यातले जड धातू, सांडपाण्याचे प्रमाण, तेलाचे रासायनिक परीक्षण ही कामे चौकट आणि फोन घेऊन होत नाहीत, ती प्रदूषण नियंत्रण मंडळाने आणि संशोधन संस्थांनीच करावीत, आणि त्यांचे निष्कर्ष त्याच गावाच्या वहीत येऊन पडावेत. स्वयंसेवकाने धोक्याची पहिली खूण टिपायची, तिचा छडा लावण्याची आणि उपाय करण्याची जबाबदारी यंत्रणेची. आज ही साखळी तुटलेली आहे. खूण टिपली तरी ती कोणाला कळवायची याचा पत्ता नसतो, आणि कळवली तर पोच मिळत नाही. गेल्या वर्षी आम्ही आमच्या वहीच्या प्रती दोन कार्यालयांत दिल्या. एका ठिकाणी ‘हा विषय आमच्याकडे येत नाही’ असे सांगण्यात आले, दुसऱ्या ठिकाणी त्या ठेवून घेतल्या.

भारताच्या किनाऱ्याची लांबी शाळेत आपण ७,५१६ किलोमीटर अशी पाठ केली होती. अलीकडे अधिक बारकाईने मोजल्यावर ती ११,०९८ किलोमीटरवर गेली. समुद्र काही वाढला नाही. पूर्वी जी वळणे, खाचा आणि टोके मापात येत नव्हती, ती आता आली. त्या वाढलेल्या लांबीत खडपांचाही वाटा असेल, कारण पुळण सरळ असते आणि वळणे कातळाला असतात.

आमच्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीपुढे येत्या ग्रामसभेत आम्ही अर्ज ठेवणार आहोत. त्यात तीन वर्षांच्या नोंदींची पाने आहेत, पहिल्या वर्षीचे ‘भरपूर’ही आहे, आणि मोजणीच्या रकान्यात त्या काकींसह गावातल्या चार जणींची नावे आहेत. अर्जात मागितले आहे ते एवढेच, की ही पाने नोंदवहीला जोडावीत, त्यांच्यावर समितीचा शिक्का आणि तारीख पडावी, आणि दर तिमाहीच्या मोजणीसाठी या चौघींना द्यायच्या मानधनाची तरतूद पंचायतीच्या अंदाजपत्रकात व्हावी.